वस्तू कोणाची – घडवणाऱ्याची की घेणाऱ्याची?

इयत्ता : ६ वी ते ८ वी
विषय : मराठी आणि नागरिकशास्त्र यांचा एकत्रित पाठ
तासिका : दोन
उद्दिष्ट : ‘माझं’ या शब्दाचे वेगवेगळे अर्थ मुलांना ओळखता येणे, श्रमाचा आणि कारागिराचा मान समजणे.



आजच्या पाठाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

पोळ्याच्या आधी आमच्या वर्गात मुलं दरवर्षी मातीचे बैल करतात. शाळेमागची काळी माती, ती मळायला पाणी आणि शिंगांना काड्या, बस. दोन वर्षांपूर्वी केलेले बैल मी वर्गातल्या कपाटावर मांडून ठेवले होते. पालक सभेला आलेल्या लोकांनी कौतुकही केलं. पुढे दिवाळीच्या सुट्टीआधी साफसफाई निघाली. तोपर्यंत कुणाचं शिंग मोडलेलं, कुणाचा पाय भुरभुरायला लागलेला. मी सगळे बैल घमेल्यात भरले आणि मागच्या खड्ड्यात टाकले.

सुट्टीनंतर सहावीतला एक मुलगा कपाटाकडे बघत उभा राहिला.

“सर, माझा बैल कुठंय?”

“टाकला रे. मोडला होता.”

“पण सर, तो माझा होता. मी तुम्हाला ठेवायला दिला होता, देऊन नव्हता टाकला.”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. माती शाळेची, तासिका शाळेची, कपाट शाळेचं. मग बैल कोणाचा? मला वाटत होतं शाळेचा. त्याला वाटत होतं त्याचा. आणि आमच्यात हे कधी बोलणंच झालं नव्हतं. त्यातून हा पाठ तयार झाला.

भाग १ : गोष्टीतल्या कारागिरांचा कायदा

मुलांना थेट ‘मालकी हक्क’ शिकवायला गेलं की ती जांभया देतात. म्हणून सुरुवात गोष्टीतून करू.

हॅरी पॉटरच्या सातव्या आणि शेवटच्या भागात (२००७) ग्रिफूक नावाचा एक गॉब्लिन आहे. गॉब्लिन ही त्या कथेतली बुटकी, हुशार जमात. धातूकामात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, आणि जादूगारांची बँकही तेच चालवतात. हॅरीला त्या बँकेच्या तिजोरीत शिरायचं असतं. ग्रिफूक मदत करायला तयार होतो, पण मोबदला म्हणून ग्रिफिंडॉरची तलवार मागतो. का? तर ती गॉब्लिनांनी घडवलेली आहे, म्हणून ती त्यांचीच आहे असं त्याचं म्हणणं.

मग बिल हॅरीला समजावतो. बिलने गॉब्लिनांबरोबर बँकेत काम केलेलं असतं. तो सांगतो की आपला आणि त्यांचा मालकीचा हिशोबच वेगळा आहे. गॉब्लिनांच्या मते वस्तूचा खरा धनी तिचा घडवणारा. ज्याने पैसे मोजले त्याने ती फक्त भाड्याने घेतली. तो मेला की वस्तू घडवणाऱ्यांकडे परत यायला हवी. ती मुलाला, नातवाला देत राहणं आणि वर पुन्हा पैसेही न देणं, ही त्यांच्या दृष्टीने जवळजवळ चोरीच.

इथे थांबून वर्गाला विचारा, ग्रिफूक बरोबर की हॅरी? आणि हेही विचारा की हॅरीने केलं ते योग्य होतं का? कारण त्याने मनात ठरवलेलं असतं की तलवार देऊ, पण कधी देऊ ते सांगायचं नाही. काम होईपर्यंत ती वापरायची. ग्रिफूकही ऐन संकटात तलवार घेऊन पळतो. दोघांनी एकमेकांशी सरळ बोलणं केलं असतं तर वेगळं झालं असतं. (माझं आणि त्या मुलाचं असंच झालं होतं, फक्त तलवारीऐवजी बैल होता.)

दुसरी गोष्ट टॉल्किनची. ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) या पुस्तकात एल्फांचा राजा थिंगोल बुटक्या कारागिरांना, म्हणजे ड्वार्फांना, एक काम सांगतो. एक जुना हार आहे आणि एक तेजस्वी रत्न आहे, ते रत्न हारात बसवून द्या. हार त्या ड्वार्फांच्याच पूर्वजांनी दुसऱ्या एका एल्फ राजासाठी घडवलेला. काम पुरं झाल्यावर कारागीर म्हणतात, हार आमच्या वाडवडिलांचा आहे. राजा त्यांचा अपमान करतो, त्यांना हिणवतो. भांडण विकोपाला जातं, राजा मारला जातो आणि दोन्ही जमातींत युद्ध पेटतं. इथे मुलांना एक बारीक गोष्ट दाखवा. ड्वार्फांच्या मनात रत्नाचा लोभ होताच, पण राजाच्या हिणवण्याने तो भडकला.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. महाभारतातला मय हा दानव, असुरांचा शिल्पकार. खांडववन जळत असताना अर्जुनामुळे त्याचा जीव वाचतो. त्या उपकाराची फेड म्हणून तो पांडवांसाठी इंद्रप्रस्थात सभा बांधतो. जिथे पाणी वाटतं तिथे फरशी आणि फरशी वाटते तिथे पाणी, अशी ती सभा. मय काही मागत नाही आणि भाडंही लावत नाही. सभा युधिष्ठिराची होते. पण आपण तिला काय म्हणतो? मयसभा! आजही मराठीत फसव्या, थक्क करणाऱ्या जागेला आपण मयसभाच म्हणतो. राजाला सभा मिळाली, नाव मात्र कारागिराचं राहिलं.

तीन गोष्टी, तीन उत्तरं. फळ्यावर असं लिहा :

– गॉब्लिन म्हणतो : वस्तूही माझी, नावही माझं.
– थिंगोल म्हणतो : वस्तूही माझी, तुझा मानही नाही.
– मयाच्या गोष्टीत : वस्तू तुझी, नाव माझं.

भाग २ : आपल्या गावाचा कायदा

मुलं म्हणतील, सर हे सगळं गोष्टीतलं. मग त्यांना घरी पाठवा, आजी-आजोबांना ‘बलुतं’ म्हणजे काय ते विचारायला.

जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार असे बारा बलुतेदार मोजले जात. सुतार वर्षभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त करून द्यायचा, लोहार फाळ पाजवून द्यायचा. दर कामाला रोख पैसे नसत. सुगी झाली की खळ्यावर त्यांना धान्याचा वाटा मिळे, तेच बलुतं. आता गंमत बघा. नांगर शेतकऱ्याचा होता, त्यात वाद नाही. पण तो नांगर दुरुस्त करण्याचं काम त्या ठरलेल्या सुताराचं होतं आणि हा हक्क वंशपरंपरेने चालायचा. म्हणजे वस्तू एकाची आणि त्या वस्तूवरचं काम दुसऱ्याचं. वस्तू विकली म्हणून नातं तुटत नसे, ती मोडेपर्यंत आणि मोडल्यावरही कारागीर तिच्याशी बांधलेला असे.

हे ऐकायला छान वाटतं, पण मुलांना अर्धं चित्र दाखवू नका. हा हक्क म्हणजे बेडीही होती. सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचं, ही जातीची सक्ती त्यात होती. वाटा किती मिळणार हे बरेचदा देणाऱ्याच्या मनावर. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं, त्यांच्या वाट्याला तर राबणं आणि अपमान दोन्ही आले. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं. तेव्हा कारागिराला मान म्हणजे जुनी व्यवस्था परत आणणं नव्हे, हे स्पष्ट सांगावं.

आमच्या वर्गात या चर्चेत एक मुलगा बराच वेळ गप्प होता. त्याचे आजोबा सुतारकाम करायचे. शेवटी म्हणाला, “सर, गावातल्या निम्म्या बैलगाड्या आजोबांनी केल्या होत्या. आमच्या घरी एकपण गाडी नव्हती.”

वर्ग एकदम शांत झाला. मीही पुढचा प्रश्न विचारला नाही. काही वाक्यांनंतर शिक्षकाने थोडं थांबायचं असतं.

भाग ३ : नाव राहिलं, नाव हरवलं

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे यक्षाची एक मूर्ती मिळाली. तिच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे की ही कण्हदास नावाच्या सोनाराने केली. कण्हदास म्हणजे कृष्णदास. मूर्तीचा मालक कोण होता हे आज कुणाला ठाऊक नाही, पण घडवणाऱ्याचं नाव आपण वाचू शकतो.

आता आपल्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन घ्या. हे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावच्या लोकांची नोंद आहे. १९७३ साली इथे उत्खनन झालं, त्यात हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. तिचं साम्य कशाशी निघालं? इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी! पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच भारतातून समुद्रापार पोचली होती. या साम्यावरून ती भोकरदन परिसरात घडली असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

मुलांना विचारा : ही मूर्ती कोणाची? ज्या पाँपेईकराने घेतली त्याची? इटलीची? भारताची? की हस्तिदंत कोरताना मान मोडून बसलेल्या त्या कारागिराची, ज्याचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही? आमच्या वर्गात या एका प्रश्नावर पंचवीस मिनिटं गेली. ती चोरून नेलेली नाही, बहुधा व्यापारात गेली, मग परत कशी मागायची, असं एका मुलीने विचारलं. दुसरी म्हणाली, “परत नको, पण तिथं लिहा तरी की आमच्याकडच्या माणसानं केली.” मला हे उत्तर फार आवडलं. वस्तू परत मागणं आणि नाव लिहा म्हणणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे तिला आपलं आपण कळलं.

भाग ४ : आजचा कायदा काय म्हणतो?

अ) शिल्पकार आणि सरकार

अमरनाथ सहगल हे नामवंत शिल्पकार. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारने त्यांच्याकडून भलंमोठं कांस्य भित्तिशिल्प करवून घेतलं. पैसे दिले, शिल्प सरकारचं झालं. १९७९ मध्ये भवनाच्या नूतनीकरणात ते शिल्प भिंतीवरून काढलं, गोदामात टाकलं, त्याची मोडतोड झाली. शिल्पकाराला विचारलंही नाही. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला : सरकारने शिल्पाचे अवशेष सहगल यांना परत द्यावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी.

आधार होता कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५७. कृती विकली, तिचे हक्कही विकले, तरी ‘ही माझी कृती आहे’ असं म्हणण्याचा आणि तिची नासधूस झाल्यास दाद मागण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो. बघा, ग्रिफूकचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं! कायदा त्याला सगळं देत नाही, पण थोडं देतो.

हा निकाल वाचताना मला घमेल्यातले बैल आठवले, हे वेगळं सांगायला नको.

आ) बियाणं कोणाचं?

हा प्रश्न जालन्याच्या मुलांना लगेच कळतो. आपलं शहर बियाण्यांसाठी ओळखलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नवं वाण तयार करायला पैदासकाराची कित्येक वर्षं जातात. मग शेतकऱ्याने पिशवी विकत घेतली की त्याचं ऋण फिटलं का?

संकरित कपाशीची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, मूळ गुण टिकत नाहीत. म्हणून दरवर्षी नवी पिशवी आणावी लागते. एक मुलगा म्हणाला, “म्हणजे सर, गॉब्लिनसारखं. दरवर्षी भाडं!” पण साध्या, सरळ वाणाचं तसं नाही, ते घरी राखून पेरता येतं. २००१ चा आपला पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा दोघांकडे बघतो. नवं वाण काढणाऱ्याला त्याची नोंदणी करून हक्क मिळतो. आणि शेतकऱ्याला नोंदणी झालेल्या वाणाचंही बियाणं राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, विकण्याचाही हक्क राहतो. फक्त कंपनीच्या नावाने, ब्रँड लावून विकता येत नाही. इथे पुन्हा तेच : बियाणं तुझं, नाव त्याचं.

आणि मुलांना हेही सांगा की कंपनीच्या पैदासकाराच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बाया-माणसांनी चांगलं कणीस, चांगलं बोंड निवडून बियाणं राखलं. त्या घडवणाऱ्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

इ) साऱ्या समाजाची कला

गॉब्लिन म्हणतो ‘आम्ही घडवली’, ‘मी घडवली’ असं तो म्हणत नाही. आपल्याकडेही असं आहे. कोल्हापुरी चप्पल कुणा एकाची नाही. तिला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय मानांकन आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण उगमाचा उल्लेख केला नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची होती. लोकांचा राग चपला विकण्यावर होता की नाव न घेण्यावर? वर्गात विचारून बघा.

भाग ५ : वर्गातली कृती

कोणतीही वस्तू घ्या आणि तीन प्रश्न विचारा.

१. पैसे किंवा साहित्य कोणाचं?
२. कल्पना आणि कष्ट कोणाचे?
३. ती मोडली, बदलली, टाकली तर कोणाला विचारायला हवं?

गटांना पुढचे प्रसंग वाटून द्या :

– आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. काकूला ती विकून टाकायची आहे.
– गवंड्याने बांधलेलं घर. मालकाला ओटा पाडायचा आहे.
– स्पर्धेतलं चित्र. शाळेने ते कॅलेंडरवर छापलं, मुलीचं नाव राहिलं.
– एका शिक्षिकेने रात्र जागून केलेली प्रश्नपत्रिका. दुसऱ्याने नाव खोडून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली.

(शेवटच्या प्रसंगाला शिक्षकांनी आधी स्वतः उत्तर द्यावं, मग मुलांना विचारावं!)

सगळ्या प्रसंगांत तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच माणूस येणार नाही, आणि तेच शिकवायचं आहे. गवंडी घराचा मालक होत नाही. आमच्या वर्गातल्या एकीने विचारलंच, “माझी आई साड्यांना फॉल लावते, मग साडी तिची का?” सगळे हसले. साडी तिची नाही. पण काम तिचं आहे. त्याचे पैसे वेळेवर मिळायला हवेत, आणि ‘फॉल छान लावला’ हे म्हणायला काहीच लागत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

घरी मुलांनी केलेल्या वस्तू साठत जातात. कागदी होड्या, खडूची चित्रं, काड्यांची घरं. सगळं ठेवणं शक्य नाही, हे मलाही कळतं. पण टाकण्याआधी एकदा विचारा. “हे आता ठेवायचं की टाकायचं?” बहुतेक वेळा मूल स्वतःच म्हणतं, टाका. राग वस्तू गेल्याचा नसतो, न विचारल्याचा असतो. ज्या मुलाला घरात कुणीतरी असं विचारलेलं असतं, ते उद्या दुसऱ्याच्या कामाला हात लावताना विचारेल.

आमच्या वर्गात आता दोन नियम आहेत. माती ओली असतानाच बैलाच्या पोटाखाली काडीने नाव कोरायचं. आणि मांडलेली वस्तू काढताना ज्याची त्याला विचारायचं, मग तो बैल मोडका का असेना.

त्या मुलाची मी सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. वाटलं होतं तो खूश होईल. तो फक्त म्हणाला, “राहू द्या सर. पुढच्या पोळ्याला दुसरा करीन.”

थोडं थांबून म्हणाला, “पण तो घरी नेईन.”

त्याने नेला.